झटक्यानंतरचा धसका

नाशिकहून स्टेंट बसवून माणूस जव्हार तालुक्यातल्या साखरशेतला परत येतो तेव्हा घरात भेटायला येणाऱ्यांची रीघ लागते. ‘वाचला बाबा’ हे प्रत्येकाच्या तोंडी असतं. पंधरा-वीस दिवसांत रीघ ओसरते आणि मग वेगळाच त्रास सुरू होतो. रात्री दोन वाजता माणूस दचकून उठतो, छातीवर हात ठेवून उजाडेपर्यंत बसून राहतो. रुग्णवाहिकेचा भोंगा लांबून ऐकू आला तरी घाम फुटतो. चढ नको, एकट्याने शेतावर जाणं नको, तपासणीची तारीख आली की काहीतरी निमित्त निघतं. घरचे म्हणतात, हाय खाल्लीय. शेजारचं कुणी म्हणतं, बाहेरचं काहीतरी लागलंय. पुन्हा ईसीजी काढावा तर तो ठीक येतो, आणि ‘काही नाही, घरी जा’ एवढ्यावर बोळवण होते.

पण काहीतरी असतं. हृदयाचा झटका, बंद पडलेलं हृदय पुन्हा चालू होणं, अतिदक्षता विभागातले नळ्यांमधले दिवस, यांतून वाचलेल्या माणसाच्या मनावर युद्धातून किंवा भूकंपातून वाचलेल्यासारखाच घाव बसू शकतो. डॉक्टर त्याला आघातोत्तर तणाव म्हणतात, किंवा इंग्रजी आद्याक्षरांनी पीटीएसडी. व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांचे हाल पाहून १९८० मध्ये अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांनी हा आजार आपल्या अधिकृत यादीत घेतला. महाराष्ट्रात ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर अशा घावांबद्दल थोडंफार बोललं जाऊ लागलं. आपल्याच छातीतलं हृदय असा घाव घालू शकतं, हे मात्र बरंच उशिरा ध्यानात आलं. कोलंबिया विद्यापीठातले डोनाल्ड एडमंडसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये २४ अभ्यास एकत्र करून २,३८३ हृदयरुग्णांची माहिती तपासली. त्यात साधारण १२ टक्क्यांना, म्हणजे आठात एकाला, या आजाराची ठळक लक्षणं होती. ज्या मोजक्या अभ्यासांनी या रुग्णांचं पुढे काय झालं तेही पाहिलं होतं, त्यांत धसका घेतलेल्यांना पुन्हा हृदयाचा त्रास होण्याचा किंवा मृत्यूचा धोका जवळपास दुप्पट दिसला.

तो दुप्पट का व्हावा? सतत भेदरलेल्या शरीरात नाडी आणि रक्तदाब चढे राहतात, झोप तुटते, आणि या सगळ्याचा भार आधीच दुखावलेल्या हृदयावर पडतो. पण माझ्या मते याहून मोठं कारण साधं आहे. घाबरलेला माणूस आठवण करून देणाऱ्या गोष्टी टाळतो, आणि इथे आठवण करून देणारी पहिली गोष्ट म्हणजे गोळ्यांची पिशवी. दुसरी दवाखाना. तिसरी चालणं, कारण चाललं की धडधड वाढते. हृदय वाचवणाऱ्या नेमक्या याच तीन गोष्टी.

भूकंपातून वाचलेला माणूस पडक्या घरापासून लांब जाऊन राहू शकतो. हृदय छातीतच असतं आणि दिवसाकाठी सुमारे एक लाख वेळा ठोका देतं. जेवणानंतर पोटात वायू धरला, जिना चढताना दम लागला, एखादा ठोका चुकल्यासारखा वाटला की मन लगेच झटक्याच्या त्या रात्रीत परत जातं. म्हणून ‘विसरून जा आता’ हा सल्ला या आजारात अगदीच कुचकामी ठरतो.

जव्हार-मोखाड्यात या भीतीला आणखी एक बाजू आहे, आणि शहरातले डॉक्टर ती क्वचितच ध्यानात घेतात. इथला माणूस ‘पुन्हा झालं तर वेळेवर पोचेन का?’ असं विचारतो तेव्हा तो आजारातून नव्हे, अनुभवातून बोलत असतो. जव्हारहून नाशिक साधारण ८० किलोमीटर, तेही घाटाने. ऑगस्ट २०२२ मध्ये मोखाड्यातल्या बोटोशीच्या मर्कटवाडीत घरीच बाळंत झालेल्या एका बाईची जुळी बाळं दगावली, आणि रस्ता नसल्याने तिला स्वतःला डोलीतून न्यावं लागलं, हे साऱ्या राज्याने वाचलं. तसं पाहिलं तर अंतराची भीती मुंबईतही चुकत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये अभिनेते श्रेयस तळपदे यांना चित्रीकरण आटोपून घरी आल्यावर त्रास सुरू झाला. पत्नी त्यांना गाडीतून रुग्णालयात नेत असताना ते वाटेतच बेशुद्ध पडले. तो रस्ता अंधेरीतला होता. इथल्या रस्त्याबद्दल वेगळं काय सांगायचं?

म्हणून या लेखाचा सगळा भर एका गोष्टीवर आहे. भीतीचे दोन वाटे करायचे. रस्ता, गाडी, रेंज, पैसा यांच्याबद्दलची जी भीती खरी आहे तिला तयारीने उत्तर द्यायचं. तयारी झाल्यावरही जी उरते तिच्यावर उपचार घ्यायचे. पहिला वाटा न हाताळता कुणी नुसतं ‘घाबरू नको’ म्हणत राहिलं तर रुग्ण मनातल्या मनात म्हणतो, तुझं काय जातंय सांगायला. आणि त्याचं चूक नसतं.

खऱ्या भीतीसाठी

रुग्णालयातून सुट्टी मिळण्याआधी, किंवा पहिल्या फेरतपासणीला, डॉक्टरांकडून चार गोष्टी मराठीत लिहून घ्या. छातीत दुखलं तर जिभेखालची गोळी कधी ठेवायची आणि किती. सोबत दुसरी कोणती गोळी घ्यायची का. साखरशेतच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आधी जायचं, की थेट जव्हारच्या पतंगशाह कुटीर रुग्णालयात. आणि गाठ विरघळवण्याचं इंजेक्शन जवळात जवळ कुठे मिळतं. चौथा प्रश्न विचारायला लोक बिचकतात. विचारा. त्या उत्तराने रात्री गाडी कुठे वळवायची हे ठरतं.

जिभेखालच्या गोळीचा सर्वसाधारण नियम असा: बसून घ्यायची, उभ्याने नाही, कारण रक्तदाब उतरून चक्कर येते. एक गोळी ठेवल्यावर पाच मिनिटांत दुखणं थांबलं नाही किंवा वाढलं, तर १०८ ला फोन. तुमच्या डॉक्टरांनी वेगळं सांगितलं असेल तर त्यांचं ऐका.

१०८ ची रुग्णवाहिका मोफत असते, हे माहीत नसलेली घरं अजून आहेत. पण फोन लागण्यासाठी रेंज हवी. घरातून रेंज कुठे मिळते, अंगणाच्या कोपऱ्यात की वरच्या पाड्यावर, आणि कोणत्या कंपनीची, हे घरातल्या लहान पोरालाही माहीत असू द्या. गावातल्या जीप किंवा इको चालवणाऱ्या दोघांशी आधीच बोलून ठेवा, एकाशी नको. त्यांतला एक नेमका त्या दिवशी लग्नाच्या भाड्याला गेलेला असतो. पावसाळ्यात ओढ्यावरून पाणी गेलं तर कोणत्या बाजूने निघायचं आणि गाडी कुठपर्यंत येऊ शकते, हे जून लागायच्या आत ठरवा. जिथे गाडी पोचत नाही तिथे रुग्णाला चालवत आणायचं नाही. खाटेवर किंवा झोळीत घालून चौघांनी उचलायचं.

कागदांची एकच पिशवी करा: डिस्चार्ज कार्ड, शेवटचा ईसीजी, स्टेंटचं कार्ड, चालू गोळ्यांची यादी, आधार, रेशनकार्ड आणि आयुष्मान कार्ड. प्रत्येक कागदाचा फोटो दोन वेगवेगळ्या फोनमध्ये असू द्या. जुना ईसीजी सोबत असला की नव्या डॉक्टरला काय बदललं हे लगेच कळतं.

पैशाची भीतीही खरीच असते. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी बसते, योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो, चौकशीचा क्रमांक १५५३८८. योजनेतलं कोणतं रुग्णालय नाशिकला जवळ पडतं आणि कोणतं ठाण्याला, हे आधी विचारून ठेवलं तर गडबडीत दिसेल त्या पाटीखाली शिरून बैल विकायची पाळी येत नाही.

आणि पाड्यावरच्या दोन तरण्या माणसांना छाती दाबायला शिकवा. माणूस पडला, हाक मारून उठत नाही, श्वास नीट नाही, तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी पाच ते सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा, मदत येईपर्यंत. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना किंवा १०८ वरच्या कर्मचाऱ्यांना सांगितलं तर उशीवर करून दाखवतात.

हे सगळं एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीला लावा आणि एकदा दिवसाउजेडी सगळ्यांनी मिळून करून पाहा. मग तो कागद सोडून द्या. महिन्यातून एकदा नजर टाकली की पुरे. तासातासाला नाडी मोजणं, बोटाला यंत्र लावून आकडे बघत बसणं, रात्रीत चार वेळा रक्तदाब तपासणं, ही तयारी नव्हे. तपासलं की घटकाभर बरं वाटतं आणि पुन्हा तपासावंसं वाटतं, अशाने भीती पोसली जाते. डॉक्टरांनी सांगितलं असेल तितक्याच वेळा मोजा.

पहिला महिना

घरी आल्यावर पहिले तीन-चार आठवडे वाईट स्वप्नं पडणं, दचकणं, रडू येणं, चिडचिड होणं हे बहुतेकांच्या वाट्याला येतं आणि बहुतेकांचं आपोआप कमी होत जातं. एवढ्यावरून लगेच आजाराचा शिक्का मारू नका. या काळात रुग्णाला ती रात्र पुन्हा पुन्हा सांगायला लावू नका. सांगावंसं वाटलं तर ऐका, नाहीतर राहू द्या. ‘एकदा सगळं बोलून टाक म्हणजे मोकळा होशील’ या समजुतीने जबरदस्तीने बोलतं करण्याचा फायदा होत नाही, हे आघातांवरच्या संशोधनातून दिसलं आहे. काहींना उलट त्रासच होतो.

एक गोष्ट मात्र जरूर करा. अतिदक्षता विभागातलं पुष्कळसं रुग्णाला आठवत नसतं, किंवा तुकड्यातुकड्याने आणि भलतंच आठवतं. औषधांच्या गुंगीत भिंतीवर माणसं दिसलेली असतात, हात बांधलेले आठवतात, कुणीतरी आपल्याला मारत होतं असं वाटत असतं. त्याने विचारलं तर घरातल्या एकाने शांतपणे, क्रमाने सांगावं: इतक्या वाजता निघालो, इथे पहिली सुई दिली, नळी ओढू नये म्हणून हात बांधले होते, तिसऱ्या दिवशी सोडले. खरं काय घडलं ते कळलं की भलत्या आठवणींचा जोर कमी होतो.

आणि भेटायला येणाऱ्यांसाठी, काही डॉक्टरांसाठीसुद्धा: ‘अजून दहा मिनिटं उशीर झाला असता तर गेलाच होता’ हे वाक्य कृपा करून रुग्णासमोर बोलू नका. बोलणाऱ्याला त्यात कौतुक वाटतं, रुग्णाच्या डोक्यात ती दहा मिनिटं वर्षभर फिरत राहतात.

महिना उलटून गेल्यावर आशाताईने, सिस्टरने किंवा घरातल्या जाणत्या माणसाने पाच गोष्टी विचाराव्यात. गेल्या महिन्यात त्या प्रसंगाची स्वप्नं पडली किंवा नको असताना तो डोळ्यांपुढे आला का? त्याची आठवण होईल अशी ठिकाणं, माणसं, विचार तू मुद्दाम टाळतोस का? सतत सावध राहतोस, लहानशा आवाजाने दचकतोस का? माणसांपासून, कामापासून तुटल्यासारखं, आतून बधिर झाल्यासारखं वाटतं का? जे झालं त्याबद्दल स्वतःला किंवा दुसऱ्याला दोष देत राहतोस का? जगभर वापरल्या जाणाऱ्या एका छोट्या चाचणीतही याच पाच बाबी विचारतात. तीन किंवा अधिक उत्तरं ‘हो’ आली तर डॉक्टरांकडे जायला हवं. दोनच आली पण माणूस गोळ्या टाळतोय, तरीही जायला हवं.

पाचव्या प्रश्नाला इथे नीट वेळ द्या. ‘माझ्यापायी घर कर्जात गेलं’ ही बोचणी स्वप्नांपेक्षा जास्त माणसं पोखरते, आणि विचारल्याशिवाय कुणी ती बोलून दाखवत नाही. जगण्यात अर्थ नाही, मेलो असतो तर बरं, असं काही तोंडून निघालं तर ते ‘असंच बोलतोय’ म्हणून सोडून देऊ नका. त्याच दिवशी मदत मागा.

उरलेल्या भीतीसाठी

टाळलेल्या गोष्टीकडे हळूहळू, पायरीपायरीने परत जाणं, हा या आजारावरच्या उपचारांचा गाभा आहे. त्याआधी एक अट: तुमचं हृदय किती श्रम झेपवू शकतं हे डॉक्टरांना विचारा. शक्य असेल तिथे ट्रेडमिलची चाचणी करून घ्या. डॉक्टरांच्या डोळ्यांदेखत नाडी वाढली आणि काही झालं नाही, हा अनुभव शंभर समजुतींच्या तोडीचा असतो.

मग चालायला लागा. आधी सपाटीवर पाच मिनिटं, सोबत कुणीतरी. चालता चालता बोलता आलं पाहिजे. वाक्य तुटायला लागलं की वेग कमी. दर आठवड्याला थोडं वाढवा, चढ सर्वांत शेवटी. चालताना धडधड वाढणारच. ती वाढू द्यायची, थांबून बसल्यावर ती आपोआप उतरते हे पाहायचं. हे पुन्हा पुन्हा पाहिलं की शरीराला पटतं की प्रत्येक धडधड म्हणजे झटका नाही.

दवाखान्याची धास्ती असेल तर तिच्याही पायऱ्या करा. पहिल्या दिवशी आरोग्य केंद्राच्या फाटकापर्यंत जाऊन बाहेरच्या बाकावर बसा. दुसऱ्या वेळी कुणाच्या तरी खोकल्याचं औषध आणायला आत जा. मग स्वतःचा रक्तदाब तपासून घ्या. मग जव्हारला, मग मोखाड्यापर्यंत एसटीने, आणि शेवटी घाट चढून नाशिकला. गुपित एवढंच आहे की भीती सर्वांत जास्त असताना पळून यायचं नाही. ती ओसरेपर्यंत तिथेच थांबायचं, मग निघायचं. मध्येच पळालं तर मन एवढंच शिकतं की पळालो म्हणून वाचलो. होळीनंतर बोहाडे, म्हणजे सोंगांचे उत्सव, सुरू होतात, संबळाचा ठेका छातीत घुमतो म्हणून काहीजण घरी बसतात. त्यांनी पहिल्या वर्षी गर्दीच्या लांब कडेला बसावं. सोंगं तिथूनही दिसतात.

भीतीची लाट आली की दोन्ही पाय सारवलेल्या जमिनीवर सपाट टेकवा. नाकाने चार आकडे मोजत श्वास घ्या, सहा मोजत सोडा. मध्ये रोखून धरू नका. समोर दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावं मोठ्याने घ्या: चूल, कणगी, हंडा, दोरी, कोंबडी. याने आजार बरा होत नाही, लाट तेवढी निभते.

इथे एक धोक्याची खूण. भीतीच्या लाटेत छाती आवळते, घाम येतो, श्वास अडकतो, आणि झटक्यातही हेच होतं. घरबसल्या त्यांतला फरक ओळखायच्या फंदात पडू नका. छातीवर दाब आला, दुखणं हात, जबडा किंवा पाठीत गेलं, किंवा गोळीनंतर पाच मिनिटांत थांबलं नाही, तर ‘भीतीच असेल’ असं कुणीही म्हणायचं नाही. भिंतीवरच्या कागदाप्रमाणे निघायचं. ईसीजी ठीक आला आणि परत यावं लागलं तर त्यात लाज कसली?

गोळ्यांचं काय? स्टेंटनंतर रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या बहुधा वर्षभर तरी चालतात. त्या मध्येच सोडल्या तर स्टेंटमध्ये गाठ होऊन नवा झटका येऊ शकतो. गोळी पाहिली की ती रात्र आठवते, हे खरं आहे. पण टाळण्याऐवजी गोळीला दुसरी सोबत द्या. सकाळच्या चहाबरोबर, त्याच वेळी, त्याच फळीवरून. घरच्यांनी ‘घे, नाहीतर मरशील’ असं म्हणण्याऐवजी ‘चहा झाला, गोळी घे’ एवढंच म्हणावं. हृदयासाठी दिलेल्या काही गोळ्यांनीही वाईट स्वप्नं पडतात. तसा संशय आला तर स्वतः बंद न करता डॉक्टरांना सांगा, गोळी बदलता येते.

उपचार कुठे?

सुरुवात आरोग्य केंद्रातल्या वैद्यकीय अधिकाऱ्यापासून करा, पण नीट सांगा. ‘धडधडतं’ एवढंच म्हटलं तर ईसीजी काढून परत पाठवतील. म्हणा: झटक्याला इतके महिने झाले, रात्री स्वप्नं पडतात, झोप येत नाही, दवाखान्याच्या नावाने घाम फुटतो, म्हणून गोळ्या चुकतात. एवढ्या वाक्यांवर कुठलाही डॉक्टर पुढची चिठ्ठी देईल. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातले तज्ज्ञ कोणत्या वारी कुठे येतात हे तिथेच विचारा. टेली-मानस ही सरकारी दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे: क्रमांक १४४१६, रात्रंदिवस, फुकट आणि मराठीतही. घरातल्या म्हाताऱ्यांना वारली किंवा कोकणीच सोयीची असेल तर शेजारी बसून सांगणारं माणूस मोठं असावं. बापाची रात्रीची भीती शाळकरी मुलीच्या तोंडून सांगायला लावू नये.

आघातावर केंद्रित असलेली बोलण्याची उपचारपद्धती या आजारावर सर्वांत भरवशाची मानली जाते. आठवड्याला एक बैठक, काही महिने. गरज पडल्यास सर्ट्रालिनसारखी गोळी देतात. झटक्यानंतरच्या नैराश्यात ती हृदयाला सुरक्षित असल्याचं २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत दिसलं होतं. मात्र रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांसोबत तिने रक्तस्राव थोडा वाढू शकतो, म्हणून मानसोपचारतज्ज्ञाला हृदयाच्या गोळ्यांची यादी दाखवा, आणि हृदयाच्या डॉक्टरला ही गोळी. अल्प्राझोलामसारख्या झोपेच्या, शांत करणाऱ्या गोळ्या दुकानातून आणून महिनोन्‌महिने खाऊ नका. त्या या आजाराचा उपचार नाहीत, आणि त्यांची सवय लागते. मोहाच्या दारूचंही तेच. पहिल्या प्रहरी झोप लागते, तिसऱ्या प्रहरी दुप्पट धडधडीने जाग येते.

भगताकडे जायचं की नाही यावर मी भांडणार नाही. अंगारा लावून, चार माणसांत बसून कुणाच्या मनाला आधार मिळत असेल तर मिळू द्यावा. फक्त दोन अटी घरच्यांनी आधीच घालाव्यात: गोळ्या बंद होणार नाहीत, आणि छातीत दुखत असताना पाय आधी गाडीकडे वळतील. पुष्कळ भगत हे मान्य करतात. त्यांना विश्वासात घेतलं तर ‘आधी दवाखान्यात जा’ हे त्यांच्या तोंडून जास्त ऐकलं जातं.

पाहणाऱ्यांचं काय

१२ जून २०२१ ला कोपनहेगनच्या मैदानावर डेन्मार्कचा फुटबॉलपटू क्रिस्टियन एरिक्सन खेळता खेळता कोसळला, त्याचं हृदय थांबलं. सहकाऱ्यांनी त्याच्याभोवती कडं केलं, डॉक्टरांनी त्याला परत आणलं. त्यानंतर मानसिक मदत दिली गेली ती कडं करून उभ्या राहिलेल्या खेळाडूंनाही. आपल्याकडे जीपच्या मागच्या बाकावर नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन घाट उतरलेल्या बाईला कुणी विचारत नाही, तुला झोप लागते का? ती रात्री उठून त्याच्या नाकाशी बोट धरते, श्वास चालू आहे ना पाहते. तो घराबाहेर पडला की तिचा जीव टांगणीला लागतो. त्याला हंडा उचलू देत नाही, पायरी चढू देत नाही, आणि त्यामुळे त्याला वाटत राहतं की आपण आता कामातून गेलो. वरचे पाच प्रश्न तिलाही विचारा. काय झेपेल याची यादी डॉक्टरांकडून तिच्या समोर घ्या, म्हणजे तिच्या मनाला पटेल.

आणि झटका बाईलाच आला असेल तर? बायकांच्या झटक्यात पुष्कळदा नुसता थकवा, मळमळ, पाठीत कळ एवढंच असतं, म्हणून आधीच उशीर झालेला असतो. घरी आल्यावर तिला विश्रांती मिळते ती पाहुणे असेपर्यंत. आठ दिवसांनी ती पुन्हा पाण्यावर असते. ती घाबरते तेही चुलीजवळ, एकटीने. पुरुषाला जो आराम आणि ज्या पायऱ्या सांगितल्या, त्या तिलाही तशाच लागू आहेत. पाणी कोण आणणार हे घराने ठरवायचं आहे.

दिवाळीनंतर

पीक निघालं की कितीतरी कुटुंबं भिवंडी, वसई, कल्याणकडे वीटभट्टीवर जातात. झटका येऊन गेलेल्याने तिथे जावं का? कच्च्या विटा वाहणं आणि भट्टीच्या आचेत राबणं डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच. पण उचल घेतलेली असेल तर जाणं टळत नाही, हेही मला माहीत आहे. मग निदान मुकादमाला आधी सांगा, हलकं काम मागा. महिन्या-दोन महिन्यांच्या गोळ्या आरोग्य केंद्रातून सोबत घ्या, कागदांची पिशवी घ्या, आणि तिथे पोचताच पहिल्या आठवड्यात भिंतीवरचा कागद नव्या जागेसाठी पुन्हा लिहा: जवळचं सरकारी रुग्णालय कोणतं, १०८ ला पत्ता काय सांगायचा, रात्री गाडी कुणाची. भट्टीला पत्ता नसतो, म्हणून जवळचं देऊळ, पेट्रोल पंप किंवा शाळा यांचं नाव पाठ असू द्या. घरी राहिलेल्याचीही सोय पाहा. सगळे गेल्यावर रिकाम्या पाड्यावर एकटा मागे राहिलेला हृदयरुग्ण सर्वांत जास्त घाबरतो. आशाताईला त्याचं नाव देऊन जा आणि दोन दिवसांनी एक फोन ठरवा.

एवढं करूनही कधी छातीत पुन्हा दुखेल, पुन्हा गाडी बोलवावी लागेल. त्यानंतरचे दोन-तीन आठवडे जुनी स्वप्नं परत येतात, चालणं नको वाटतं, फाटकाशी पाय अडखळतो. उपचार वाया गेले असं त्यावरून समजू नका. पुन्हा पाच मिनिटांच्या सपाटीवरून आणि बाहेरच्या बाकापासून सुरुवात करा. या वेळी पायऱ्या लवकर चढल्या जातात. महिन्यानंतरही अडखळणं तसंच राहिलं तर १४४१६ ला फोन करा, किंवा ज्या डॉक्टरांनी पहिली चिठ्ठी दिली त्यांच्याकडे ती जुनी चिठ्ठी घेऊन जा.